कपाटातला जुना लॅपटॉप पुन्हा कामाला लावताना

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत चिपळूणला आपाकडे गेले होते. भाची यंदा अकरावीला आहे. संध्याकाळी पाहिले तर ती खिडकीत बसून आपाच्या मोबाईलवर कॉलेजचा प्रोजेक्ट टाइप करत होती. मध्येच फोन वाजला की काम थांबायचे, आणि फोन एकदा आपाच्या हातात गेला की तासभर परत मिळायचा नाही.

"घरात लॅपटॉप होता ना?" मी विचारले.

आपाने कपाटाच्या वरच्या कप्प्याकडे बोट दाखवले. "आहे की. ह्यांनी दोह्याहून आणलेला. चालू व्हायलाच दहा मिनिटे घेतो. दुकानवाला म्हणाला, याच्यात आता काही राम नाही, नवीन घ्या."

लॅपटॉप २०१४ चा. कळांवर इंग्रजीच्या जोडीला अरबी अक्षरे, झाकणावर मुलांनी चिकटवलेले स्टिकर. पडदा ठीक, कळा ठीक, चार्जर ठीक. आखातात नोकरी केलेल्या माणसांच्या घरांत असा एखादा लॅपटॉप हमखास निघतो. इतर घरांत तो जुना डेस्कटॉप असतो, अंगावर भरतकामाचा रुमाल घातलेला. यंत्र मेलेले नसते. त्याच्यावरची विंडोज त्याला झेपेनाशी झालेली असते.

त्यात आणखी एक गोष्ट झाली आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. म्हणजे त्या विंडोजमध्ये नवी भोके सापडली तरी ती बुजवणारे अपडेट पूर्वीसारखे आपोआप येत नाहीत. विंडोज ११ टाकावी म्हटले, तर तिला साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते. २०१४ च्या लॅपटॉपमध्ये चौथ्या पिढीचा प्रोसेसर आहे. दुकानवाला चुकीचे बोलत नव्हता. फक्त विंडोजखेरीज दुसरी वाट असते, हे त्याने सांगितले नाही.

ती वाट म्हणजे लिनक्स. मी शाळेत संगणक शिकवते, म्हणून नात्यातले लोक मला हमखास विचारतात, "सगळ्यात चांगले लिनक्स कोणते?" माझे उत्तर ठरलेले आहे. आधी दोन गोष्टी सांगा. यंत्र किती जुने आहे, आणि त्याच्यापुढे बसणार कोण? निवड या दोन उत्तरांवर ठरते.

मोफत आणि मुक्त

लिनक्सची सुरुवात १९९१ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातला एक विद्यार्थी, लिनस टॉरवाल्ड्स, याने केली. त्याच्या आधी, १९८३ मध्ये, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर केला होता. या दोन कामांची सांगड घालून जगभरच्या लोकांनी वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम तयार केल्या. त्यांना ओपन सोर्स म्हणतात, कारण त्या कशा लिहिल्या आहेत हे कोणीही वाचू शकतो, बदलू शकतो आणि दुसऱ्याला देऊ शकतो.

इंग्रजीत 'फुकट' आणि 'स्वतंत्र' या दोन्हींसाठी एकच शब्द असल्याने तिकडे नेहमी गोंधळ होतो. आपल्याकडे तो व्हायला नको. मराठीत मोफत वेगळे आणि मुक्त वेगळे. उर्दूत मुफ्त वेगळे आणि आझाद वेगळे. लिनक्स बहुतेक ठिकाणी मोफत मिळते, पण त्याची खरी ओळख मुक्त ही आहे. शेजारणीला कॉपी करून दिली तर ती चोरी होत नाही.

हे मुद्दाम सांगते, कारण जुन्या कॉम्प्युटरवर "विंडोज टाकून देतो" म्हणत बरेचदा तोडलेल्या लॉकची कॉपी टाकली जाते. दुसऱ्याच्या हक्काची वस्तू न विचारता वापरायची नाही, हे आपण मुलांना शिकवतो. शिवाय असे लॉक तोडणाऱ्या प्रोग्रामबरोबर व्हायरसही घरात येतो.

लिनक्स परके वाटत असेल तर हातातला अँड्रॉइड फोन पाहा. त्याच्या गाभ्याशी लिनक्सच आहे. केरळमधल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत अनेक वर्षांपासून मुले लिनक्सवरच संगणक शिकतात. आपल्या देशाच्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही बॉस नावाची लिनक्स सिस्टिम तयार केली आहे.

आधी यंत्राची नाडी पाहा

जुना संगणक चालू करून त्याच्या सेटिंगमध्ये सिस्टिम, मग अबाउट असे जा. तिथे तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या.

पहिली, रॅम किती. आपाच्या लॅपटॉपमध्ये ४ जीबी होती. दुसरी, प्रोसेसर ६४ बिटचा आहे की ३२ बिटचा. बहुतेक मोठ्या लिनक्स सिस्टिमनी ३२ बिट यंत्रांसाठी नव्या आवृत्त्या काढणे बंद केले आहे, म्हणून हे पाहावेच लागते. तिसरी, हार्ड डिस्क जुनी फिरणारी आहे की एसएसडी. फिरणारी डिस्क असेल तर कानाला बारीक घरघर ऐकू येते.

थोडा खर्च करायची तयारी असेल तर तो इथे करा. फिरणारी डिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी बसवली तर जुन्या यंत्रात जेवढा फरक पडतो, तेवढा दुसऱ्या कशानेच पडत नाही. त्यानंतरचा खर्च रॅम ४ वरून ८ जीबी करण्याचा.

लॅपटॉप उलटा करून बॅटरीही पाहा. खालची बाजू किंवा कळांचा भाग फुगून वर आला असेल तर तो चार्जिंगला लावू नका. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. ती आधी जाणकाराकडून काढून घ्या. पुष्कळ लॅपटॉप बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवरही चालतात.

मग निवड

लिनक्सचे शेकडो प्रकार आहेत. नवशिक्या घराला त्यातले चार-पाच ठाऊक असले तरी पुरे.

लिनक्स मिंट. विंडोज वापरलेल्या माणसाला सगळ्यात कमी बिचकवणारी. डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ. २००६ पासून ती निघते. तिच्या २२ या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. तिचे तीन अवतार आहेत. सिनॅमन दिसायला देखणा, मॅटे मधला आणि एक्सएफसीई हलका. ८ जीबी रॅम असेल तर सिनॅमन घ्या. ४ जीबी आणि जुनी डिस्क असेल तर एक्सएफसीई. आपाच्या लॅपटॉपवर आम्ही तीच टाकली.

झोरिन ओएस. आयर्लंडमधल्या दोघा भावांनी सुरू केलेली. हिचा मुख्य हेतूच विंडोज सोडून येणाऱ्यांना घरासारखे वाटावे हा आहे. यंत्र थोडे ताकदीचे असेल आणि वापरणारी व्यक्ती वयस्क असेल तर चांगली.

उबुंटू. २००४ पासूनची, सगळ्यांत नावाजलेली. अडचण आली तर मदत मिळायला सोपी. पण तिची मांडणी विंडोजपेक्षा वेगळी आहे आणि तिला ८ जीबी रॅम असलेली बरी. हिच्यावरच मिंट आणि झोरिन बेतलेल्या आहेत.

लुबुंटू किंवा एमएक्स लिनक्स. २ जीबी रॅमच्या यंत्रासाठी. इथे अपेक्षा बेताच्या ठेवा. सिस्टिम हलकी असली तरी आजच्या वेबसाइट हलक्या नाहीत. ब्राउझरच्या दोन-तीन खिडक्या उघडल्या की यंत्र धापा टाकणार. टायपिंग, हिशेब आणि पीडीएफ वाचणे मात्र छान होते.

३२ बिटचे किंवा १ जीबी रॅमचे यंत्र असेल तर अँटीएक्स नावाची फार हलकी सिस्टिम आहे. पण ती नवशिक्याने एकट्याने हाताळण्याजोगी नाही. असे यंत्र ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्राला दिलेले बरे.

एक इशारा. भाचीच्या वर्गातल्या मुलांनी तिला सांगितले होते, "काली लिनक्स टाक, हॅकर लोक तेच वापरतात." काली ही सुरक्षा-तपासणीचे काम करणाऱ्या तज्ज्ञांसाठी बनवलेली आहे. ती बनवणारेच सांगतात की लिनक्सची ओळख नसलेल्यांनी इथून सुरुवात करू नये. आर्च, जेंटू ही नावेही सध्या बाजूला ठेवा.

बसवण्याआधी चालवून पाहा

लिनक्सची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही. संगणकातल्या कशालाही हात न लावता ती पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. कापड अंगाला लावून पाहावे आणि मग घ्यावे, तसे.

त्यासाठी चालू असलेल्या एखाद्या संगणकावर मिंटच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून तिची आयएसओ फाइल उतरवा. फाइल सुमारे ३ जीबीची असते. मोबाईलचा दिवसाचा डेटा तिला पुरणार नाही, म्हणून ब्रॉडबँड असलेल्या नातेवाइकाकडे जा. दुसऱ्या कुठल्या साइटवरून ती घेऊ नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरांनी शिरून डाउनलोडची लिंक बदलली होती. मिंटवाल्यांनी ते लगेच जाहीर करून दुरुस्त केले. तेव्हापासूनचा धडा असा की फाइलचा चेकसम, म्हणजे तिची ओळख पटवणारा लांबलचक आकडा, साइटवरच्या आकड्याशी जुळतो का ते पाहायचे. कसे पाहायचे ते तिथेच लिहिलेले असते.

मग ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. त्यातले सगळे पुसले जाणार, हे लक्षात ठेवा. रुफस किंवा एचर या मोफत प्रोग्रामने फाइल त्यावर चढवा. नुसती कॉपी करून चालत नाही. तो पेन ड्राइव्ह जुन्या लॅपटॉपला लावून चालू करताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप कळ दाबत राहा. कंपनीप्रमाणे कळ वेगळी असते. यादीतून पेन ड्राइव्ह निवडला की पाच-दहा मिनिटांत मिंट समोर उभी राहते.

आता घाई न करता तपासा. वायफाय जोडले जाते का? आवाज येतो का? कॅमेरा चालतो का? टचपॅड नीट आहे का? घरचा प्रिंटर ओळखला जातो का? वेगावरून मत बनवू नका. पेन ड्राइव्हवरून ती हळूच चालते, डिस्कवर बसली की वेग वाढतो.

आपाच्या लॅपटॉपचे वायफाय लागेना. काही वायफाय चिपना वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो उतरवायला इंटरनेट लागते. अशा वेळी मोबाईल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि मोबाईलमधले यूएसबी टेदरिंग सुरू करा. लॅपटॉपला मोबाईलचे इंटरनेट मिळते. मग मेनूतला ड्रायव्हर मॅनेजर उघडला की तो कोणता ड्रायव्हर हवा ते स्वतःच सांगतो. आमचे काम त्यानेच झाले.

माझ्या हातून झालेली चूक

सगळे ठीक दिसले की "इन्स्टॉल" वर बोट जाते. तिथे थांबा.

काही वर्षांपूर्वी आमच्याच घरच्या डेस्कटॉपवर मी पहिल्यांदा लिनक्स टाकले. मध्ये एक प्रश्न येतो: विंडोजशेजारी बसवू, की सगळी डिस्क पुसून बसवू? मला वाटले, 'डिस्क पुसणे' म्हणजे फक्त सी ड्राइव्ह पुसला जाणार. डी ड्राइव्ह तर वेगळा आहे. तसे नसते. सी आणि डी ही एकाच डिस्कवरची दोन खानी असतात. डी ड्राइव्हमध्ये अब्बांच्या हजच्या सफरीचे फोटो होते. दुसरीकडे कुठेच नव्हते. अब्बा आता नाहीत. अम्मीने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, पण अजूनही कोणी त्या सफरीचा विषय काढला की मला मान वर करवत नाही.

म्हणून आपाकडे पहिला दिवस आम्ही फक्त सामान काढण्यात घालवला. निकाहाचे फोटो, भाओजींच्या पासपोर्टची आणि नोकरीच्या कागदांची स्कॅन, मुलांच्या गुणपत्रिका. डेस्कटॉप, डाउनलोड, डी ड्राइव्ह, सगळीकडे पाहिले. एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी भावाच्या संगणकावर. मग दुसऱ्या संगणकावर चार-पाच फोटो उघडून पाहिले. कॉपी झाली असे वाटणे वेगळे आणि फाइल उघडणे वेगळे. त्यानंतरच इन्स्टॉल केले. अर्ध्या तासात झाले. मध्ये मल्टिमीडिया कोडेकचा चौकोन येतो, त्यावर खूण करा, म्हणजे व्हिडिओ आणि गाण्यांच्या फाइल नंतर अडत नाहीत.

मराठी आणि उर्दू

दोन्ही चालतात, आणि वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट जोडायचा. मराठीसाठी कगप फोनेटिक आहे, म्हणजे इंग्रजी कळेच्या उच्चारावर मराठी अक्षर. इन्स्क्रिप्ट शिकलेल्यांना देवनागरीचा तोही लेआउट मिळतो. उर्दूसाठी उर्दू फोनेटिक आहे. नस्तालिक अक्षरासाठी नोटो नस्तालिक उर्दू हा मोफत फॉन्ट घ्या.

आखातातून आणलेल्या लॅपटॉपबद्दल एक बारकावा. कळांवर छापलेली अक्षरे अरबी लेआउटची असतात. उर्दू फोनेटिकमध्ये अक्षरांच्या जागा वेगळ्या असतात, त्यामुळे कळा पाहून टाइप केले तर भलतेच उमटेल. कळांकडे न पाहता इंग्रजी उच्चाराने टाइप करा.

काय चालणार नाही

हे आधीच सांगितलेले बरे. टॅली, इनपेज, फोटोशॉप आणि ऑटोकॅड विंडोजसाठीचे प्रोग्राम आहेत. वाइन नावाच्या जोडणीने काही विंडोज प्रोग्राम लिनक्सवर चालतात, पण रोजच्या धंद्याचे काम त्या भरवशावर ठेवू नये. घरात कोणी टॅलीवर हिशेब ठेवत असेल किंवा इनपेजवर उर्दू छपाईचे काम करत असेल तर तो संगणक तसाच राहू द्या. जुन्या शिवाजीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर तो फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतो. काही जुन्या लेझर प्रिंटरना लिनक्सवर चालवणे कटकटीचे असते.

एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसवर बेतलेला आहे. घरी लिब्रे ऑफिसवर सराव केलेल्या मुलीला तिथे बटणे वेगळ्या जागी दिसतील. गणिते आणि सूत्रे बहुतांशी तीच असतात, पण परीक्षेआधी केंद्रावर जास्त वेळ बसणे चांगले.

लिब्रे ऑफिस मायक्रोसॉफ्टच्या फाइल उघडते आणि त्याच प्रकारात जतनही करते. तरी झेरॉक्सवाल्याकडे प्रिंटला नेताना फाइल पीडीएफ करून न्या. नाहीतर तिथे समास आणि पाने सरकलेली दिसतील.

राहिलेले रोजचे काम ब्राउझरमध्ये होते. शिष्यवृत्तीचे अर्ज, बालभारतीची पुस्तके, गुगल मीट, व्हॉट्सअॅप वेब, बँकेची साइट. विंडोजसाठी लिहिलेले व्हायरस लिनक्सवर सहसा चालत नाहीत. पण ओटीपी मागणारा ठग सिस्टिम पाहून येत नाही, तेवढी सावधगिरी तशीच ठेवा.

घरातल्यांसाठी दोन शब्द

मुलांसाठी वेगळे खाते उघडा आणि मुख्य पासवर्ड मोठ्यांकडे ठेवा. त्यामुळे नवा प्रोग्राम टाकायचा तर मुलांना विचारावे लागते. लहानांसाठी जीकॉम्प्री नावाचा मोफत खेळांचा संच आहे. त्यात अंकगणित, अक्षरे, माउस हाताळणे असे पुष्कळ काही आहे. आणि संगणक बैठकीच्या खोलीत ठेवा. नजरेसमोर असलेल्या पडद्याइतकी चांगली राखण कोणताच प्रोग्राम करत नाही.

अपडेट मॅनेजरची खूण दिसली की अपडेट घ्या. टाइमशिफ्ट नावाचा प्रोग्राम मिंटमध्ये आधीपासून असतो, तो एकदा लावून ठेवा. काही बिघडले तर सिस्टिम आदल्या स्थितीत आणता येते. पण तो सिस्टिम जपतो, तुमचे फोटो नाही. फोटोंची दुसरी प्रत वेगळीच हवी.

पहिले आठ दिवस भाची कुरकुरत होती. "खाला, सी ड्राइव्ह कुठे गेला? हे बटण इथे का नाही?" मी तिला एक वही दिली आणि सांगितले, अडेल ते लिहून ठेव, रात्री फोन कर. पहिल्या आठवड्यात वहीत अकरा प्रश्न होते. तिसऱ्या आठवड्यात दोन. त्यातला एक असा होता की अम्मीला मराठीत यादी टाइप करायची आहे, तर तिच्यासाठी वेगळे खाते कसे उघडू.

लॅपटॉप आता पाऊण मिनिटात सुरू होतो. मोठे खेळ त्यावर चालत नाहीत, पंधरा खिडक्या उघडल्या तर अडखळतो. पण प्रोजेक्ट मोबाईलवर होत नाही. मागच्या जुम्म्याला भाओजींनी दोह्याहून व्हिडिओ कॉल केला, तो भाचीने लॅपटॉपवरच घेतला. "कशावरून बोलतेस?" त्यांनी विचारले. तिने सांगितल्यावर ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "तो अजून आहे?"

तुमच्या कपाटात असा एखादा असेल तर या रविवारी खाली काढा. आधी बॅटरी पाहा, मग रॅम लिहून घ्या, मग फोटो बाहेर काढा. लिनक्स टाकणे हे चौथे काम आहे.